इतिवृत्तात न लिहिलेलं

दर दुसऱ्या मंगळवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
आम्ही जमतो. मी लिहून घेते, तेवढंच माझं काम.
हजर: घरवाटप खात्याच्या इमेल्डा क्राउसन,
हवालदार टोबिन,
चर्चच्या हॉलची किल्ली सांभाळणारा ऑझी,
लाँड्रीवाल्या पास्कबाई,
आणि दातांच्या दवाखान्यातली ती मुलगी
जिचं नाव मला दरवेळी विचारावं लागतं.
गैरहजर: ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे.
ही शेवटची ओळ मी खोडली.

पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाकडे एकेक गुंडी होती,
सदरा कुणाकडेच नव्हता.
पास्कबाई म्हणाल्या, एकच माणूस नऊ जणांचे कपडे आणतो,
सगळ्या खिशांत शेतातली काळी माती,
सुटं नाणं एकातही नाही.
दवाखान्यातली मुलगी म्हणाली,
तिघांनी पत्ता दिला एकच,
आणि तिघांच्या वतीनं बोलला चौथा.
टोबिननं वही चाळली. त्या घरात कागदोपत्री राहतात दोघं.

ऑझीचं बिस्किट चहात विरघळून गेलं, तरी तो गप्प.
मग म्हणाला, माझ्याकडे झोपायला येतो एक.
बूट काढत नाही.
पावणेचारला उठतो, गादी गुंडाळून पियानोमागे सारतो
आणि दाराशी जाऊन उभा राहतो.
विचारलं, कुणाची वाट बघतोस?
म्हणाला, व्हॅनची.

व्हॅन येणार नव्हती.
हात मोडला तेव्हा तिनंच त्याला
बसथांब्यावर उतरवून दिलं होतं.
गादीचं भाडं, हातमोज्यांचे पैसे, व्हॅनमधली जागा:
राबेल तितकं देणं वाढत गेलं.
पासपोर्ट डब्यात, डबा दुसऱ्याच्या कपाटात.

इमेल्डानं फॉर्म काढला.
याला कुठल्या रकान्यात घालू? बेघर, की वेठीचा?
खूण एकाच चौकटीत करता येते.
ऑझी म्हणाला, त्यालाच विचारा की,
खाली वर्तमानपत्रांपाशी बसलाय.

विदमांतस वर आला. टोपी हातात, खुर्चीच्या कडेवर.
टेबलावर बरणीत डॅफोडिल होते,
मीच आणलेले, एका पौंडाची जुडी.
तो आमच्याकडे बघतच नव्हता.
बोटं हलत होती. दहा, म्हणाला.
मग देठांना राहिलेलं रबर त्यानं अलगद सोडवलं.
"हे माझं बांधणं नाही. सैल आहे.
असं बांधलं तर पैसे कापतात."

अकरा वर्षं, दर हिवाळ्यात, मी ही फुलं घेते.
स्वस्त मिळतात म्हणून सगळ्यांना सांगतेही.
पेन थांबलं होतं.
"सदस्यांनी नोंद घेतली," एवढंच लिहिलं.

त्या घरात आठ गाद्या सापडल्या, आठ माणसं.
नंतरचं कुणी विचारत नाही.
सुटकेलाही मुदत असते. दिवस मोजून दिलेले,
ते सरले की तिघं पुन्हा नदीकाठच्या बाकावर.
एक आईकडे परत गेला.
एक कुठे गेला कळलं नाही.
माझ्या वहीत त्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय,
तिन्ही बहुतेक चुकीची.
त्या महिन्यात बैठकीत भांडणं झाली,
टोबिन दार आपटून गेला,
पुढच्या मंगळवारी केक घेऊन आला. कुणी काही बोललं नाही.

पास्कबाईंनी लाँड्रीवरची खोली रिकामी केली,
शिवणाचं यंत्र हलवलं, आतून कडी बसवली.
पहिल्या संध्याकाळी विदमांतस जिना उतरून आला,
किल्ली तळहातावर,
आणि विचारलं,
रात्री ही कुणाकडे जमा करायची?
बाईंना उत्तर सुचेना.
त्या ड्रायर बघत राहिल्या, रिकामा, फिरणारा.

तो अजूनही पावणेचारला उठतो.
खालून किटलीचा आवाज येतो, म्हणतात बाई,
मग बराच वेळ काहीच नाही.

पुढची बैठक: दुसरा मंगळवार.
विषय: नदीकाठचे तिघं. राहिलेला रकाना.
खुर्ची एक जास्त लागेल.