विसावा खांब

शाळेच्या फाटकापासून मी खांब मोजत निघालो.
आमच्या लाइनवर पन्नास मीटरला एक खांब,
म्हणजे किलोमीटरला वीस.
बारा वर्षं यांच्यावर चढतोय,
खोली शोधायला पहिल्यांदाच कामी आले.

एक, दोन, रसवंती, तीन.
चौथा वाकलेला, ट्रॅक्टरनं धडक दिलेला.
सातव्यापाशी भाडं विचारलं : पाच हजार.
आठव्यापाशी जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथंच शिकलो.
परवा तिचं मीटर मीच काढून आणलं,
बिल थकलं होतं.
अकराव्यापाशी साडेचार, संडास बाहेर.
सोळाव्याखाली उकंडराव काळमेघ खुर्ची टाकून.
"पाहा बापा, घाई नाय.
फॉर्म सुटले का माह्या या दोन खोल्यायसाठी
पोट्ट्यायचे बाप लायनीत उभे रायतेत."

नाल्यापलीकडं, चोविसाव्यापाशी,
दोन हजारात तीन खोल्या, न्हाणी, अंगणात सीताफळ.
घरमालकाची नात ट्विंकल
भाविकाला घेऊन केव्हाच झाडाखाली गेली,
दोघींनी दगडांचं दुकान मांडलं.
कुंदानं एक फांदी खाली ओढून पाहिली,
मग माझ्याकडं पाहिलं.
मी मान हलवली.
इतक्या दूरची पोरगी ते मोजत नाहीत.

सेतू केंद्रातल्या पोरानं नकाशा उघडला.
"घरावर फुगा ठेवा, काका."
लाल फुगा बोटाखाली धरून
मी कपाशीतून गेलो, कुणाच्या गोठ्यातून,
विहाराच्या गच्चीवरून,
सरकी काढायच्या बंद जिनिंगच्या पत्र्यावरून.
"आन् खांब?" मी विचारलं.
"खांब नाय चालत. हे कावळ्यावानी मोजते. सरळ."
रस्ता नाल्याला वळसा घालतो,
रस्त्याच्या कडेनं तारही घालते.
तारेवर बसलेला कावळा घालत नाही.
त्याच्या मेहेरबानीनं मला दोन खांब जास्तीचे मिळाले.

अगदी काठावरचं घर सोनटक्केबाईंचं.
लांबलचक, रेल्वेच्या डब्यासारखं.
फुगा चुलीवर ठेवला : नऊशे ब्याण्णव मीटर.
झोपायच्या खोलीवर : एक हजार तीन.
"मंग चुलीपाशी निजत जा न बापा," बाई म्हणाल्या.
कुंदा हसली.
त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच.

साडेतीन हजार. करारनाम्याचा स्टँप वेगळा.
जातीचा दाखला, जन्माचा दाखला,
आणि एक फोटो, त्यात भाविकाचे डोळे मिटलेले.
फॉर्म भरून झाला तरी ती मोबाइल सोडेना.
"बाबा, ट्विंकलच्या घरावर ठेवा न फुगा."
ठेवला.
लाल अक्षरं आली.
"काय लिवलं?"
"नेट गेलं," मी म्हणालो.

एप्रिलात एका रात्री वावधन सुटलं,
पत्रे उडाले, तारा तुटल्या,
अख्खं गाव काळं.
मी विसाव्या खांबावर चढलो.
कमरेला पट्टा, डोक्याला बॅटरी, हातात पक्कड.
जोडणी झाल्यावर बॅटरी विझवून जरा तसाच थांबलो.
नकाशात एवढं ठळक दिसणारं ते वर्तुळ
वरून कुठं दिसतं का, म्हणून.
खाली कुत्रं भुंकत होतं,
ते आतलं की बाहेरचं, कळत नव्हतं.
कुणीतरी लेकराला अंगणात मुतायला नेत होतं.

उतरलो. डीपीचा खटका वर केला.
उकंडरावाचा बल्ब लागला,
विहाराची माळ लागली,
सोनटक्केबाईंचा कुलर खडखडला.
शाळेचा बोर्ड तर नुसता झगमगला.
सोडत अजून निघायची आहे.

चोविसाव्यापाशी मात्र अंधार.
एक फेज गेला असणार.
कुंदाचा फोन आला, "येता का आता?"
म्हटलं, थांब जरा.
खांद्यावर शिडी घेतली,
आणि यावेळी न मोजता
नाल्यातूनच सरळ निघालो.