आडवी रेघ

नंदुरबारच्या मिशन चर्चचं रजिस्टर
पाद्री गावितांनी कपाटातून काढलं, वाळवी झटकली.
सन एकोणीसशे. छपन्न्या दुष्काळ.
नाव: मोशे. पूर्वीचं नाव: उखर्डू.
वय अंदाजे दोन.
बापाच्या रकान्यात आडवी रेघ,
आईच्याही; ती थोडी थरथरलेली.

घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर मात्र
आत्यानं लिहून ठेवलंय: ‘बाप सोनजी, दोंडाईचाकडचा.’
बॉलपेननं.
आत्याला रिकाम्या जागा बघवत नसत.

मोशे नाव मडमेनं दिलं असणार,
सापडलेल्या पोराला दुसरं काय देणार?
पण उखर्डू?
ते उखर्ड्यावर टाकलेल्याचं असतं,
आणि आधीची पोरं जगली नाहीत म्हणून
आईनं स्वतःच, लटकंच, टाकलेल्याचंही.
शेजारीण सुपात उचलून आणते,
पसाभर बाजरी घेऊन आईला परत विकते.

साक्षीदार म्हणून खाली एक अंगठा आहे.
गंगू. नातं लिहिलेलं नाही.

म्हणजे हिनं उचललं असेल
आणि विकत घ्यायला दारात कुणी उरलंच नसेल?
किंवा बाजरी उरली नसेल त्या साली.
किंवा हीच आई, नि सांगायचं नव्हतं.

दोंडाईच्याला तीन सोनजी सापडले. एकाचंही साल जुळत नाही.

‘भाऊ, च्या थंडा हुई ग्या,’ पाद्री म्हणाले.
मी वहीत गंगू लिहिलं,
पुढे नात्यासाठी जागा सोडली.
आत्या असती तर भरली असती.