पिवळा स्वेटर

तू शनिवारी सकाळी घरी आलीस
इस्पितळाने दिलेल्या राखाडी ट्रॅकसूटमध्ये,
पायात कागदी सपाता.
टोलेडोत चार दिवसांचा बर्फ रस्त्याकडेला काळा पडला होता.
मी पंधरा वर्षांची. मी विचारलं,
माझा स्वेटर कुठाय?
तू म्हणालीस, हरवला.
मी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला.

आई बोलली. म्हणाली, त्या रस्त्याने कशाला गेलीस.
एवढंच, एकदाच,
आणि मग पावाला लोणी लावत राहिली
पाव फाटेपर्यंत.

तुझी एक पेटी झाली होती, मार्व्हेला.
नखांखालचं, केसांतलं, मांड्यांवरचं
कापसाच्या काड्यांवर टिपून, वर सही करून, टेपने बंद.
त्यासाठी तू चार तास पाठीवर पडून राहिलीस.
नर्स म्हणाली होती, हलू नकोस गं, हे पुढे कामाला येईल.
पेटी पोलिसांच्या गोदामात गेली,
जप्तीतल्या सायकली, टीव्ही, कुणाची तरी तार तुटलेली गिटार,
त्यांच्या शेजारी. छत गळायचं तिथे.
डिटेक्टिव्ह सोबचाकने कागदावर लिहिलं:
फिर्यादी सहकार्य करीत नाही.
तू अकरा वेळा फोन केला होतास.
मी बिलं पाहिली आहेत.

एकोणीस वर्षं.
तू शाळेची बस चालवतेस, सत्तावीस नंबरची.
मुलं म्हणतात, मिस मार्व्हेलाला पाठीला डोळे आहेत.
शेवटचं पोर उतरल्यावर तू प्रत्येक बाकाखाली वाकून बघतेस.
नियमच आहे, म्हणतेस.
नियम एकदा बघायचा आहे. तू तीनदा बघतेस.
गाडीत टांगतात ना, पाइनच्या वासाचं पुठ्ठ्याचं झाड,
ते दिसलं की टॅक्सी सोडून देतेस
आणि उणे दहात चालत घरी येतेस.
डेल्रॉय चांगला होता.
स्वयंपाकघरात त्याने मागून खांद्यावर हात ठेवला, लाडानं,
आणि कप फुटला.
मी काय केलं, मी काय केलं, तो विचारत राहिला.
काहीच नाही, तू म्हणालीस.
ते खरं होतं. आणि तो गेला.

मग फोन आला. टिबेट्स नावाची बाई.
म्हणाली, तुमची पेटी उघडली.
तू बस कडेला घेतलीस.
नशीब, रिकामी होती.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं,
तारीख आठवत नाही, मग मीटरचा आकडा कसा आठवतो?
कारण तू सांगितला होतास, शून्य चार सात सात एक दोन,
भिंतीवरचा गॅसचा मीटर.
तू म्हणालीस, दुसरं बघायला काही नव्हतं.
टंकलेखिकेची बोटं थांबली.
तो म्हातारा झाला होता, ऐकू कमी यायचं त्याला.
सगळं त्याला दोनदा ऐकवावं लागे,
म्हणजे तुला दोनदा सांगावं लागे.

आणि क्लर्कने कागदी पिशवी फाडली.
पुरावा क्रमांक चार.
पिवळा तो पिवळाच राहिला होता, अंधारात रंग उडत नाही.
कोपरावर माझ्या हातचं रफू,
हिरव्या दोऱ्याचं, कारण पिवळा संपला होता.
मी तुझ्याकडे पाहिलं.
तू मीटरकडे बघावं तसं समोर बघत होतीस.

त्याला चौदा वर्षांची झाली.
कोर्टाच्या पायऱ्यांवर लोक म्हणाले, संपलं गं बाई,
आता तरी शांत झोप लागेल.
तू घड्याळ पाहिलंस. बसची वेळ झाली होती.

काल पुन्हा टिबेट्स.
अपिलाची मुदत संपली, वस्तू परत हव्यात का?
तू फोनवर तळवा ठेवलास आणि मला विचारलंस,
तुझाच आहे. हवाय?
मी तोंड उघडलं.
इतक्या वर्षांची माफी घशापाशी आली, तिथेच अडली,
आणि बाहेर पडलं ते भलतंच:
मला आता व्हायचा नाही तो.
तू हसलीस. आधी नाकातून,
मग टेबल धरून.
मग दोघींनाही काही सुचेना,
आणि तुझ्या तळव्याखाली ती बाई
हॅलो, हॅलो म्हणत राहिली.