पाहुण्याची मेमरी

सोहारच्या बंदराआड, खजुरांच्या दोन रांगांमागे
खिडकी नसलेली इमारत.
बाहेर रात्री अकराला सदतीस अंश, चिकट.
आत मी स्वेटर घालून बसलेली.

कागदावर काम साधं होतं:
इस्पितळाच्या वीस आभासी यंत्रांची मेमरी
कुलपात घालायची.
डिस्क नव्हे, डिस्क केव्हाचीच बंद आहे.
चालू असतानाची मेमरी,
विचार करताना जी उघडीच पडते, ती.

आमच्या धंद्यात अशा यंत्राला पाहुणा म्हणतात
आणि ज्याच्या लोखंडावर ते चालतं, तो यजमान.
यजमानाला आजवर सगळं दिसायचं.
पाहुण्याच्या ताटात काय, खिशात काय,
तोंडाशी आलेलं आणि गिळलेलं काय.
आता किल्ली चिपच्या पोटात जन्मेल
आणि यजमानाच्या हाती कधीच लागणार नाही.
हुमैद मअमरी हसला:
"मग घर कुणाचं?"
तुझंच, मी म्हटलं. भाडंही तुलाच.
माझा रहिवासाचा पत्ता त्याच्याच कंपनीच्या नावावर आहे,
हे दोघांनाही आठवलं असावं.
तो चहा आणायला गेला.

पंधरा पाहुणे निमूट आत आले.
सोळावा दारातून परत.
कारण एकच ओळीत: किल्ल्या संपल्या.
बायोसमध्ये शिरून आकडा वाढवला, यंत्र पुन्हा उठवलं,
चार मिनिटं पंखे नुसते बोंबलत होते.
मग पानं जागच्या जागी खिळवली.
कुलपातलं पान हलवता येत नाही,
जिथे उतरलं तिथंच राहायचं.
बाहेरच्याशी बोलायला म्हणून
थोडी ओसरी मात्र उघडी ठेवावी लागते.
देणंघेणं तिथं, सगळ्यांदेखत. आतलं आत.

तपासायची रीत जुनी आहे:
पाहुण्याच्या आत एक वाक्य लिहायचं,
यजमानाच्या बाजूने सगळी मेमरी उपसायची
आणि ते सापडतंय का बघायचं.
बाकीचे 'टेस्ट एक दोन तीन' लिहितात.
मी का कोण जाणे, लिहिलं:
त्या दिवशी मी फोन मुद्दाम उचलला नव्हता.

सापडलं.
पहिल्याच झटक्यात,
काना-मात्रा-वेलांटीसकट, ठसठशीत.
पाहुण्याच्या व्याख्येत एक ओळ लिहायची राहिली होती,
त्यामुळे पानांच्या पत्त्यावर
तो सत्तेचाळिसावा बिट चढलाच नव्हता.
एवढ्याशा एका बिटावर सगळी अब्रू.

कप ठेवता ठेवता हुमैद वाकला. "हिंदी?"
"मराठी."
"काय लिहिलंय?"
"टेस्ट," मी म्हटलं. "एक दोन तीन."
"बरंच लांब आहे एक दोन तीन," तो म्हणाला
आणि साखर ढवळत राहिला.

बार्शीचा नंबर होता तो.
सतरा वेळा वाजला,
मी मोजत होते.

ओळ घातली. पाहुणा पुन्हा उठवला.
वाक्य तेच ठेवलं; बदलता आलं असतं.
पुन्हा उपसा, पुन्हा शोध, तीनदा.
पडद्यावर नुसती वाळू.
एक अक्षर दुसऱ्याला ओळखत नव्हतं.
झाकली मूठ म्हणतात ती हीच,
किंमत जो तो आपापली ठरवतो.

तात्पुरता पाहुणा बंद करायचा होता.
बंद केला की किल्लीही जाते,
मग ती वाळू जगात कुणालाच वाचता येत नाही.
त्याआधी एकदा आत शिरून पाहिलं,
तसं करायची गरज नव्हती.
वाक्य तिथं होतं. साधं, सरळ, धडधडीत.
आतल्याला आतलं
नेहमीच वाचता येतं.

पहाटे चारला अहवाल भरला.
यजमानाकडून शोध: काही आढळले नाही.
शेरा: समाधानकारक.
खाली माझी सही,
तिच्या खाली हुमैदची, उजवीकडून डावीकडे.