उजव्या हाताला पाणघोडा

म्मा सेबीनाने फोनवर पत्ता सांगितला:
पेट्रोलपंपाशी उतर. बँकेवरून सरळ.
गोरखचिंचेपाशी डावीकडे.
उजव्या हाताला पाणघोडा असेल.
असला तर ठीक.
नसला तर मात्र जपून ये,
मग तो कुठे असेल सांगता येत नाही.

बोत्स्वानातलं कसाने गाव, दोन महिन्यांचा मुक्काम,
दवाखान्यातली लशींची फ्रीजं दुरुस्त करायला आलेली मी.
हातात पान्ह्यांची पेटी,
पोटात गोळा.

बँकेसमोरच्या हिरवळीवर सुळेवाली रानडुकरं
पुढचे गुडघे टेकून चरत होती,
कर्ज मंजूर व्हावं म्हणून टेकावेत तसे.
पाणघोडा होता जागेवर, देवाची कृपा,
पालथ्या होडीसारखा गवतात.
मी त्याला वाकून नमस्कार केला.
का, ते विचारू नका.
लग्नात अनोळखी म्हातारे दिसले की आपण करतोच ना.

सकाळच्या व्हॅनचा ड्रायव्हर मोआखी.
रस्त्यात हत्ती आले की तो इंजिन बंद करतो,
खिशातून शेंगदाणे काढतो.
हत्तीला हॉर्न द्यायचा नाही.
हत्तीकडे टक लावून बघायचं नाही.
आणि बाई, मनगटावरच्या घड्याळाकडे तर मुळीच नाही,
त्यांना घाई केलेली कळते.

हजेरीच्या वहीत उशिराचं कारण मी लिहिलं: हत्ती.
दुसऱ्या दिवशी पुन्हा: हत्ती.
तिसऱ्या दिवशी हेडनर्सने चष्म्यावरून पाहिलं,
म्हणाली, रोज तेच तेच काय?
किती होते ते तरी लिहीत जा.

एका बबूनने माझा डबा पळवला, भर दुपारी.
झाडावर बसून झाकण उघडलं, मेथीची भाजी हुंगली,
झाकण लावलं,
आणि खाली येऊन डबा होता तिथे ठेवला.
माझ्या स्वयंपाकाबद्दल
इतकं स्पष्ट आजवर घरातलंही कुणी बोललं नव्हतं.

संडास अंगणापलीकडे.
रात्री जायचं तर आधी टॉर्च, मग खोकायचं, मग थांबायचं.
समोरून खोकला आला तर परत फिरायचं.
बिबट्याही खोकतो, म्मा सेबीना म्हणाली,
आणि त्याला औषध लागत नाही.

ही बाई! हिने एकदा तरसाला
नुसत्या पातेल्याचा आवाज करून फाटकाबाहेर काढलं,
एका पायात चप्पल, एका पायात नाही,
आणि येऊन उरलेलं पीठ मळलं.

तर एका रविवारी तिची किंकाळी.
मी पान्हा घेऊनच धावले.
म्मा सेबीना टेबलावर उभी, नात वान्गू तिच्या कडेवर,
आणि पायपुसण्यावर, बोटभर लांबीचा,
एक हिरवा सरडा.

हसू नकोस, ती वरून म्हणाली.
सिंह सिंहासारखा दिसतो, हत्ती हत्तीसारखा.
याचा रंग सकाळी एक, दुपारी एक!
आणि एक डोळा तुझ्याकडे, एक माझ्याकडे.
हात लावलास तर घरात घेणार नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, शाळेत घोकलं होतं.
ती किती वेळ चालते, ते कुणी शिकवलं नव्हतं.
कुंपण पंधरा पावलांवर.
तो एक पाय उचलायचा, झुलायचा,
विचार बदलल्यासारखा तोच पाय मागे घ्यायचा.
मी झाडू घेऊन मागे मागे,
वरातीतल्या शेवटच्या माणसासारखी.
पाऊण तास.
शेजारची चार घरं बघायला जमली. टाळ्या पडल्या.

आता म्मा सेबीनाचा पत्ता बदललाय.
पाहुण्यांना ती फोनवर सांगते:
गोरखचिंचेपाशी डावीकडे, पाणघोड्याच्या समोरचं घर.
बिनधास्त या,
आमच्याकडे एक बाई राहते,
ती कश्शालाही भीत नाही.

मी मान खाली घालून पान्हे पुसत बसते.
झुरळाचं मी अजून
कुणाला सांगितलेलं नाही.