वासाची राखण

पंख मिटला तर वाळकं पान,
उघडला तर आत हळदीचा पदर.
दिवेलागणीला येतो मोसंबीवर,
सोंड त्याची दाभणासारखी.
टोचतो, पितो, पुढच्या फळाला जातो.
सकाळी सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक,
तिसऱ्या दिवशी भोवती तपकिरी डाग,
मग फळच देठ सोडतं.
धप्प.
मागच्या भादव्यात मी बाजेवर पडून
रात्रभर ती धप्प मोजायचे.

झाडं दुसऱ्याची, बहार आमचा.
आम्ही बागवान. फुलाची कळी झाली की
माझा मालक नुसत्या नजरेनं सांगतो किती क्विंटल,
पैसे मोजतो, आणि तोडणी संपली की
खाट उचलून आम्ही जातो.
बदनापूरचा दुकानदार म्हणाला,
"हे फवारा भाभी, पंधरा दिवस बघायला नको.
माती काय तुमची हाये?"

खरं होतं त्याचं.
माती आमची नव्हती.
पण उज्मा फळ ओढणीला पुसते
आणि सालीसकट दात लावते.
ती आमची होती.

तेव्हा मोरीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा कापला.
जालन्याच्या स्टँडवरच्या रसवाल्याकडून
पिळलेल्या साली आणल्या, दोन पोती,
वर आमच्याच पडक्या फळांच्या.
कल्हईवाल्या यासीनचाचांनी कुकरच्या शिट्टीच्या जागी
तांब्याची नळी बसवली,
वेटोळी करून बादलीतल्या पाण्यातून काढली.
पहिल्यांदा झाकण उडालं, भिंतीवर चहाचा नकाशा.
दुसऱ्यांदा थेंब आला.
मग दुसरा.
काचेच्या बरणीत पाणी, आणि पाण्यावर
नखाएवढं जाड पिवळं कडं.
एवढ्या साली, एवढं सरपण,
आणि तेल अर्धी कपबशी!
मालक हसले. मग हुंगलं. मग हसायचे थांबले.

जे फळ फुटलं, त्याची साल
न फुटलेल्या फळाला राखायला निघाली होती.

करवंटीत कापूस, कापसावर थेंब,
दर दोन झाडांत एक करवंटी टांगली.
सहा ओळी वासाच्या, सहा बिनवासाच्या.
उज्मानं वहीत रेघा मारल्या,
बॅटरी घेऊन मोजायला मी.

साहेब आले होते मोटरसायकलवर.
म्हणाले, कुंपणावरची गुळवेल उपटा,
ह्याची अळी तिच्यावरच पोसते.
शेजारच्या मळ्यातली कौतिकबाई भांडायलाच उठली,
"लेकराच्या तापाला मी काय देऊ, तुमची पावती?"
तापाचं औषध तेच, पतंगाचं बाळंतघर तेच.
एक वेल ठेवली, लिंबावरची.
तिची पानं रोज उलटून बघायचं कौतिकबाईनं कबूल केलं,
आणि बघितलीही, शिव्या देत.

तेल मारत नाही कुणाला.
पतंग येतो, हवेत अडखळतो,
जसं ओळखीच्या दारात भलताच माणूस उभा दिसावा,
आणि वळतो.
पण तेल टिकतही नाही.
रात्री अकराला करवंटी नुसतीच करवंटी.
एकदा दुधनेकडून वारा सुटला,
सगळा वास जालना रोडच्या ट्रकांना वाटून आला.
त्या रात्री वहीत वासाच्या ओळीत बावीस,
बिनवासाच्या ओळीत चोवीस.
मालक बोलले नाहीत. मीही नाही.
दुसऱ्या दिवसापासून कापूस दोनदा भिजवला,
दिवेलागणीला, आणि जेवणं झाल्यावर.
मग वहीत सात आणि एकतीस.
मग पाच.
पंधरा दिवस बघायला नको म्हणाला होता तो.
आम्ही रोज बघितलं.

जालन्याच्या बाजारात एका बाईनं मोसंबी नाकाशी नेली,
"ह्याला चहाचा वास येतोय की गं,
दोन रुपये कमी कर."
मी काही समजावलं नाही.
सुरीनं फळ आडवं चिरलं,
फोड तिच्या हातावर ठेवली,
आणि साल माझ्याकडं ठेवून घेतली.