मंगळवारी पार्लर बंद असतं

मंगळवारी पार्लर बंद असतं,
म्हणून ती मंगळवारीच येते,
मागल्या दाराने, चपला हातात घेऊन.
हर्णैच्या बंदरावर सुरमईची बोली पुकारते
तेव्हा पाजपंढरीपर्यंत ऐकू जातो द्वारका चोगलेचा आवाज.
खुर्चीत मात्र कुजबुजते:
"आज जरा खालून. गळ्यापर्यंत काढ."

मी दोरा दातांत धरते.
बाबा जाळी विणायचे, फाटल्या फासाला गाठ मारून
असाच दातांनी तोडायचे.
त्यांच्या दोऱ्यात बांगडा अडकायचा.
माझ्या दोऱ्यात हे, हनुवटीवरचे,
जाड, काळे, मुळाशी पांढरा ठिपका असलेले.
एकेक उपटला की तिच्या डोळ्यांत पाणी,
आणि म्हणते, मिरचीचा हात लागला असेल.

तिच्या मानेवर मागे
एक काळपट मखमली पट्टी आहे.
काथ्याने घासली तिने, लिंबाने घासली.
सासू म्हणायची, अंघोळ नीट करत नाहीस.
मळ असता तर
समुद्राने कधीच नेला असता.

मी विचारते, पाळी?
"येईल तेव्हा येते. शिमग्याला आली,
ती थेट नारळी पुनवेला."
आणि आईला काय झालं होतं?
"कालवाची शिंप लागली पायाला. येवढीच.
आधी अंगठा कापला. मग पाऊल. मग..."
गोडाला तर शिवायचीही नाही म्हणे कधी.

दापोलीच्या दवाखान्यातल्या शगुफ्ता सिस्टर
भुवया करायला येतात माझ्याकडे.
एकदा आरशात बघत बघतच म्हणाल्या होत्या:
केस हे नुसतं वरचं, गं.
ओहोटीला खडक दिसतात ना, तसं.
भरतीतही ते तिथेच असतात.
साखर, रक्तदाब, काळजाच्या नळ्या,
चाळिशीनंतर होडी लागते त्यांवर.

हे द्वारकेला सांगायचं
म्हणजे गिऱ्हाईक घालवायचं.
सांगितलं.
ती गप्प.
मग वळून, माशाचा कल्ला उचलून बघतात
तशी माझी हनुवटी वर केली तिने:
"नि तुझी कोन काढतं गो?"

पहाटे साडेचारला, दिवा न लावता,
मोबाईलच्या उजेडात, चिमट्याने.
नवरा उठायच्या आत. अकरा वर्षं.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.
तेव्हाही नाही सांगितलं,
फक्त तिच्या जागी खुर्चीत बसले.

तिने दोरा दातांत धरला.
कोळ्याच्या पोरीला गाठ काय शिकवायची,
पण हात जड. वरचा ओठ सोलवटला माझा,
आणि आम्ही इतक्या हसलो
की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने भिंत ठोकली.

पुढच्या आठवड्यात, ऐन हंगामात, लिलाव सोडून,
दोघी उपाशीपोटी दापोलीच्या एसटीत.
रक्त दिलं. मग ग्लुकोजचं पाणी,
इतकं गोड की घशाला चिकटलं.
"आता दोन तास बसायचं. खायचं नाही, फिरायचं नाही."
बाकावर द्वारका आकडे पुटपुटते,
एकशे दहा, एकशे वीस, एकशे चाळीस.
बोली चढवणं हा तिचा धंदा.
पहिल्यांदाच तिला म्हणताना ऐकलं,
"याच्यावर नको जाऊ दे, बाये."

ट्यूबलाइटखाली तिच्या हनुवटीवर
आठ दिवसांचे खुंट दिसतायत.
माझ्याही असणार.
तिचा पदर वर गेला नाही.

समोर एक शाळकरी मुलगी,
ओढणी ओठांपर्यंत ओढून,
मघापासून आमच्याकडे बघतेय.
द्वारका थोडी सरकते, बाक थोपटते:
"ये गो, बस हितं. दोन तास लागतात."